चित्रातली द्राक्षे उचलणारी नात

प्रश्न : माझी नात नऊ महिन्यांची आहे. वाटी असो वा लाटणे, हाती येईल ते ती आधी तोंडात घालते. परवा तर पुस्तकातल्या चित्रातली द्राक्षे उचलायला ती पान नखांनी ओरबाडत होती. तिला चित्र आणि वस्तू यांतला फरक कळत नाही का? आणि तोंडात घालण्याची सवय मोडावी का?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : याला सवय म्हणण्यापेक्षा तपासणी म्हणणे योग्य होईल. नात वाटीची कड चोखते, मग ती बाहेर काढून न्याहाळते, या हातातून त्या हातात घेते, आणि वाटी तिरपी होताच जी गोल कड डोळ्यांना लांबट दिसू लागते ती जिभेला व बोटांना मात्र तशीच गोल लागते. डोळ्यांना आकाराची ओळख पटते ती अशाच उलटापालटीतून.

स्पर्श आणि दृष्टी यांची सांगड जन्मतःच असते की अनुभवाने पडते, हा वाद जुना आहे. मेंदूचे अभ्यासक पवन सिन्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून दृष्टी नसलेल्या आणि 8 ते 17 वर्षांच्या वयात शस्त्रक्रियेने दिसू लागलेल्या भारतीय मुलांची परीक्षा घेतली. हाताने चाचपलेला आकार त्यांना सुरुवातीला नजरेने ओळखता आला नाही. काही दिवसांतच मात्र येऊ लागला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षावरून मला तरी अनुभवाचे पारडे जड वाटते.

चित्र ओरबाडण्याने मुळीच काळजी करू नका. बालमानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोच यांच्या 1998 च्या अभ्यासात नऊ महिन्यांची मुले हेच करताना आढळली, अमेरिकेतली तशीच पश्चिम आफ्रिकेतल्या एका खेड्यातलीही. चित्र सपाट आहे हे या वयात दिसते, पण ‘हे नुसते चित्र’ म्हणजे काय, हे अजून उमगलेले नसते. एकोणीस महिन्यांच्या सुमारास मुले पकडण्याऐवजी बोट दाखवू लागतात. त्यामुळे मोबाइलवर फळे दाखवण्याची घाई नको. त्या काचेवर लिंबू आणि कलिंगड दोन्ही सारखीच गुळगुळीत लागतात.

तेव्हा लाटणे, वाटी धुऊन खुशाल द्या. नाणी, शेंगदाणे आणि विशेषतः रिमोटमधले बटणासारखे सेल मात्र तिच्या हाती लागता कामा नयेत. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो. चित्राशेजारी द्राक्षांचा खरा घड स्वतः धरून तिला हात लावू द्या, पण खायला देताना प्रत्येक द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, कारण अखंड द्राक्ष घशात अडकून श्वास कोंडू शकतो.