पेन्शनसाठी आधी गुन्हा सिद्ध करावा लागत नाही

प्रश्न : भरतीनंतर दुसऱ्याच वर्षी बराकीत एका सीनियरने माझ्यावर लैंगिक अत्याचार केला. कुणाला सांगितलं नाही. पुढे मानसिक आजार जडला आणि २०१६ मध्ये मला बोर्ड आउट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढलं. 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली. आता दावा करता येईल का? सगळं उघड करावं लागेल का?
– एक माजी जवान, सिन्नर

उत्तर : तुमच्यावर जे झालं त्यात तुमचा कणभरही दोष नाही. पुरुषावर, त्यातही फौजीवर असं होऊ शकतं हे आपल्या गावांत आजही कुणी मानत नाही, म्हणून तुम्ही गप्प राहिलात. त्या गप्प बसण्याने तुमचा हक्क गेलेला नाही.

आपल्याकडे अशा अत्याचारासाठी वेगळी पेन्शन नाही. तुमचा दावा आजारावर उभा राहील. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे जडला असं सर्वसाधारणपणे धरायचं. तसं नसेल तर ते दाखवण्याची जबाबदारी सरकारची. म्हणजे घटना न सांगताही दावा करता येतो. मनोविकारतज्ज्ञाला ती सांगितलीत आणि तशी नोंद झाली, तर दावा भक्कम होईल. पण सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं; वकिलानेसुद्धा गळ घालू नये. सुखविंदर सिंग निकालानुसार (२०१४) बोर्ड आउट झालेल्याचं अपंगत्व किमान २० टक्के धरलं जातं, त्यामुळे पेन्शनसाठीची किमान २० टक्के अपंगत्वाची अट आड येऊ नये.

उशिराचं म्हणाल, तर पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो. थकबाकी मात्र साधारणपणे दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणून आता थांबू नका. मेडिकल बोर्डाचे कागद आणि नकारपत्र हाताशी नसेल, तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात मागा. नाशिकचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जात मदत करतं. आधी अपील, तिथे नकार आला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ.

फौजदारी तक्रार हा वेगळा रस्ता. कोर्ट मार्शलची तीन वर्षांची मुदत उलटली आहे. पण जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे नवी न्याय संहिता येण्याआधीच्या अशा घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागू होतं आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. इतक्या वर्षांनी पुरावा उभा करणं कठीण आहे, हे मी लपवणार नाही. तो निर्णय सवडीने घ्या, पेन्शन त्यासाठी अडवून ठेवू नका.

रात्री फार जड जात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कधीही बोलता येतं, मोफत, मराठीतही. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि आजारपणामुळेच उशीर झाला, हे त्यात स्पष्ट लिहा.