जुनं मातीचं धरण ‘मध्यम’ वरून ‘उच्च धोका’ वर्गात गेलं, म्हणजे ते आता फुटणार का?

नाही, तसा अर्थ होत नाही. धोक्याचा वर्ग धरणाच्या तब्येतीवरून ठरत नाही. ते फुटलंच तर खाली काय वाहून जाईल, यावरून ठरतो. काल बांधलेलं ठणठणीत धरणही ‘उच्च’ वर्गात असू शकतं आणि रानातलं गळकं धरण ‘अल्प’ वर्गात. अमेरिकेत ‘उच्च’ ठरायला एका माणसाचा जीव जाण्याची शक्यता पुरते.

तुम्ही लिहिलंय की साठ वर्षांत धरणाला कुणी हात लावला नाही, तरी वर्ग बदलला. बहुधा धरण तसंच आहे, खाली वस्ती वाढली. पाहणीच्या कामात मी हे इतक्यांदा बघितलंय की आता धरणावर चढण्याआधी मी खालच्या अंगाला घरं मोजतो.

खरी अडचण इथून सुरू होते. अनेक देशांत सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, किती मोठ्या पुरासाठी बांधायचा हे वर्गावरून ठरतं. खाली शेतंच होती तेव्हा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा हिशेब चालून गेला असेल. असा पूर कुठल्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का, पण साठ वर्षांत एकदा तरी येण्याची जवळपास ४५ टक्के. आता खाली माणसं राहतात, सांडवा मात्र तेवढाच. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की माती टिकत नाही. फुटलेल्या मोठ्या मातीच्या धरणांपैकी साधारण निम्मी अशीच गेली आहेत.

त्यात लोक सांडव्याशी खेळतात. अमेरिकेतल्या साउथ फोर्क या मातीच्या धरणाच्या सांडव्यावर मासे पळू नयेत म्हणून जाळी बसवली होती, गाड्या जाव्यात म्हणून भिंतीचा माथा उतरवला होता आणि तळातले सोडनळ आधीच काढून विकले होते. १८८९ साली ते फुटलं, २,२०९ माणसं गेली.

फुटणाऱ्या बाकीच्या मातीच्या धरणांपैकी बहुतेक आतून पोखरून जातात. पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच, त्याला घाबरू नका. कोरड्या बाजूच्या पायथ्याशी जिथून पाणी येतं तिथलं काचेच्या ग्लासात धरा आणि तासभर ठेवून द्या. तळाशी गाळ बसला, बोटांत चोळून कचकच लागली, तर पाणी भिंतीतली माती घेऊन येतंय. भिंतीतून जाणाऱ्या जुन्या लोखंडी नळाच्या तोंडाशी तर हे नक्की बघा. नळ गंजला की त्याच्या कडेने पाणी वाट काढतं. भिंतीवर झाडं असतील तर ती परस्पर उपटू नका, मुळांच्या पोकळ्या उरतात.

धरणाच्या मालकाकडे तीन गोष्टी मागा: शेवटचा पाहणी अहवाल, सांडवा आजच्या वर्गाच्या पुराला पुरतो का याचा हिशेब, आणि फुटल्यास पाणी कुठवर जाईल त्याचा नकाशा. वर्गाच्या शिक्क्यापेक्षा मी या कागदांवर विश्वास ठेवीन.

पाझर एकाएकी गढूळ झाला किंवा वाढला, तर मात्र अर्ज लिहीत बसू नका. लगेच फोन करा आणि खालच्या लोकांना उठवा. अमेरिकेतलं टीटन धरण ५ जून १९७६ ला गेलं तेव्हा नवंकोरं होतं, पहिल्यांदाच भरत होतं. सकाळी सातच्या सुमारास गढूळ पाणी दिसलं आणि बारा वाजायच्या आत भिंत वाहून गेली.