फिशफाइंडर मध्येच बंद पडतो, तळ दिसत नाही, तारीख चुकते: सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर सुटेल का?

तुमच्या तीन तक्रारी आहेत. इंजिनाचा सेल्फ मारला की फिशफाइंडर (ध्वनिलहरींनी पाण्याची खोली आणि मासे दाखवणारा संच) बंद होऊन परत चालू होतो, बोटीने वेग घेतला की स्क्रीनवरची तळाची रेघ गायब होते आणि जुना जीपीएस जवळजवळ वीस वर्षं मागची तारीख दाखवतो. अपडेटने यातली फक्त तिसरी जाण्यासारखी आहे.

पहिलीचं मूळ बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतं. स्टार्टर मोटर जबरदस्त करंट ओढते, तेवढ्यापुरतं व्होल्टेज पडतं आणि ते १० व्होल्टच्या खाली गेलं की बरेचसे संच बंदच होतात. तेव्हा आधी मल्टिमीटर काढा. काही तास नुसती पडून असलेली चार्ज्ड लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि एकदा बॅटरीवर, एकदा संचाच्या प्लगपाशी मोजा. दोन्हीकडे आकडा कोसळला तर बॅटरी थकलीय किंवा एकाच बॅटरीवर सगळा भार आहे. इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी द्या. बॅटरीवर ११ आणि प्लगवर ९ दिसत असतील तर चोर मधल्या वायरिंगमध्ये आहे.

तो पकडणं सोपं आहे. संच चालू ठेवा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं संचाच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढं व्होल्टेज वाटेत गळतंय. मायनसकडेही तसंच मोजा (तिकडे कुणी बघतच नाही). दोन्ही मिळून १२ च्या ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर पहिला संशय फ्यूज होल्डरवर घ्या. उघडलात की पट्टीवर हिरवट पूड आणि फ्यूजच्या पायाशी तापून मऊ पडलेलं प्लॅस्टिक दिसेल. तिथली वायर थोडी सोलून बघा. तांबं काळं पडलं असेल तर खारं पाणी आत शिरलंय. पॉलिश पेपरने घासण्यात अर्थ नाही, सरळ कथिलाचा मुलामा असलेली नवी वायर टाका. आणि चिकटपट्टी गुंडाळलेला जोड बोटीवर ठेवूच नका.

तळाच्या रेघेचं सांगायचं तर, थांबल्यावर नीट दिसते आणि वेगातच जाते, म्हणजे ट्रान्सड्यूसरखालून (बुडाशी बसवलेला, ध्वनिलहरी सोडणारा-पकडणारा भाग) हवेचे बुडबुडे जातायत. तो बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली घ्या, पुढच्या रिव्हेटांच्या ओळीपासून बाजूला सरकवा, चिकटलेले शिंपले-शेवाळ काढा.

तारखेचा घोळ मात्र खरोखर सॉफ्टवेअरचा. जीपीएसचा जुना सिग्नल आठवडे १० बिटांत मोजतो, म्हणून १०२४ आठवड्यांनी मोजणी पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तसं झालं. काही संच त्या दिवशी सावरले आणि नंतर भलत्याच दिवशी घसरले, कारण त्यांचं गणित फर्मवेअरच्या (संचातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) तारखेपासून चालतं. ठिकाण अनेकदा बरोबर येतं, चुकते ती तारीख. कंपनीने त्या मॉडेलसाठी फर्मवेअर काढलं असेल तर टाका. नसेल तर संच बदलण्याचा विचार करा.

अपडेट करताना आधी सगळे वेपॉइंट (जीपीएसमध्ये साठवलेल्या जागा) मेमरी कार्डावर उतरवून घ्या आणि सेटिंगच्या पानांचे फोटो काढा. नेमक्या मॉडेलचीच फाइल हवी. कार्ड ३२ जीबी किंवा कमी, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. बॅटरी भरलेली हवी आणि मध्ये सेल्फ मारायचा नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर संच कायमचा बसू शकतो. म्हणूनच वायरिंग आधी. एकमेकांना जोडलेले संच असतील तर सगळ्यांवर कंपनीने सांगितलेली जुळणारी आवृत्ती टाका.

शेवटी खोलीचा ऑफसेट (मोजलेल्या खोलीत धरायचा ठरावीक फरक) आणि उथळ पाण्याचा अलार्म तपासा, अपडेटनंतर ते कधीकधी मूळ आकड्यावर जातात. दोरीला वजन बांधून एकदा खोली मोजा आणि स्क्रीनशी ताडून बघा.