ठाण्यातला फ्लॅट विकायचाय. एजंट म्हणतो, आधी भाड्याचं फर्निचर लावून घर सजवा, भाव चांगला येईल. हा खर्च करावा का?

घर कुठलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. नौपाड्यातलं जुनं की घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधलं? सगळं त्यावर आहे. मी नौपाड्यातलं समजून लिहिते, कारण मला तेच ठाऊक आहे आणि त्यावरून माझं नि दादाचं अजून वाजतं.

आई गेल्यावर आम्ही वडिलांचा वन बीएचके विकायला काढला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, १९८२ची इमारत. एजंटनं दादाच्या डोक्यात सजावटीचं खूळ भरवलं. करडा सोफा, काचेचं टीपॉय, प्लास्टिकची रोपं आणि चिनीमातीची दोन हरणं. दोन महिन्यांचं भाडं, टेम्पो, हमाली मिळून ६५ हजार. सोफा जिन्याच्या वळणावर अडकला, भिंतीचा टवका उडाला, सेक्रेटरी काकांनी त्याचे ५०० घेतले. "लोकांना दुसऱ्याचे देव बघायला आवडत नाहीत," म्हणून दादानं आईचं देवघर काढलं. देव मी माझ्याकडे नेले. त्या कोनाड्यात हरणं बसली.

मी एकच सांगत होते: आधी ओल काढ. बाथरूमच्या जुन्या पाइपमुळे पॅसेजची भिंत कायम दमट असायची. प्लंबरनं १८ हजार सांगितले. दादाला ते जास्त वाटले (सोफ्याचे ६५ नाही वाटले!). त्यानं वरून पांढरा रंग मारून घेतला. जुलैत रंगाला फुगे आले.

चौदा पार्ट्या येऊन गेल्या. सोफ्यावर एकच बाई बसल्या, त्याही जिने चढून दम लागला म्हणून. बाकीचे काय विचारायचे? पाणी किती वाजता येतं. रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलं, बिल्डर ठरला का, कार्पेट (म्हणजे घरातली वापरायची जागा) किती वाढवून देणार, कॉर्पस (बिल्डर वर देतो ती रोख रक्कम) किती. नौपाड्यात माणूस समोरचं घर बघतच नाही, ते पाडून जे मिळेल ते बघतो. एका गृहस्थांनी तर छत्रीच्या टोकानं पॅसेजची भिंत ठोकली. तळहाताएवढा पोपडा खाली आला. त्यांनी शांतपणे दोन लाख कमी केले, आणि शेवटी घर त्यांनीच घेतलं.

तेही लगेच नाही. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीचा सभासद असल्याचा कागद, अजून वडिलांच्या नावावर, नॉमिनी आई, आणि आता दोघंही नाहीत. वारसांची कागदपत्रं जमवून आमची दोघांची नावं लागेपर्यंत अडीच महिने गेले आणि तेवढे दिवस सोफ्याचं भाडं चालू. तुमच्याकडे असं काही असेल तर आजच सोसायटीत अर्ज टाका. वारसांच्या नावावर करताना ट्रान्सफर प्रीमियम (घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ते पैसे) लागत नाही, सेक्रेटरी काहीही म्हणोत. विकताना लागतो, तोही महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार.

मग घेणाऱ्यांच्या कर्जासाठी बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. खोल्या मोजल्या, इमारतीचं वय विचारलं, मंजूर नकाशा मागितला. सोफ्याकडे त्याचं लक्ष एकदाच गेलं. माप घ्यायला मध्ये येतो म्हणून त्यानं तो सरकवायला लावला.

दादा म्हणतो, सोफ्यामुळे फोटो चांगले आले, फोटो बघून तर ते गृहस्थ आले. बरं, ते खरं आहे, फोटो बघूनच आले होते. पण फोटोसाठी झाडून पुसून, खिडक्या उघडून, ट्यूबलाइट बदलून भागलं असतं.

तुमचं घर टॉवरमधलं असेल, रिकामं असेल आणि त्याच विंगमध्ये त्याच प्लॅनचे चार-पाच फ्लॅट विकायला असतील, तर मात्र माझं सगळं ऐकू नका. रिकाम्या खोलीत पलंग बसेल की नाही याचा लोकांना अंदाज येत नाही, खोली उगाच लहान वाटते. तिथे थोडं फर्निचर उपयोगी पडेल. फक्त सॅम्पल फ्लॅटसारखे आखूड पलंग ठेवून, दारं काढून फसवू नका, लोक आता टेप घेऊन येतात. आणि फर्निचरवाला एजंटच्या ओळखीचा असेल तर त्यात एजंटचं किती, हे तोंडावर विचारा. मी विचारलं होतं. तो हसला आणि दादा माझ्यावर चिडला.

सामान परत नेताना एका हरणाचं शिंग तुटलं. त्याचे बाराशे दादानं भरले. निम्मे माझ्याकडे निघतात असं तो दर गणपतीत सगळ्यांसमोर म्हणतो. मी देणार नाही.