जुन्या गाडीला ओबीडीत खोचायचं डिजिटल मीटर लावावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: 2011ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 30 हजार किलोमीटर झालेली. डॅशबोर्डवर तापमानाची सुई नाही, नुसता निळा आणि लाल दिवा. दर मे महिन्यात पुण्याहून गुहागरला जाणं होतं. अशा गाडीला ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीचा संगणक तपासण्यासाठी दिलेल्या जोडणीत) खोचायचं मीटर चालेल का, त्याचा खरंच उपयोग होतो का, आणि वडिलांच्या 2002च्या डिझेल जीपचं काय करायचं.

मीटर जरूर घ्या. पण ते दोनच गोष्टींसाठी घ्या: इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज. बाकी जे पंधरा-वीस आकडे त्यात नाचतात, ती बहुतांशी करमणूक आहे. माझ्या गाडीत साताठ वर्षं हे मीटर आहे, आणि पहिले दोन महिने मीही प्रत्येक सिग्नलला थ्रॉटलची टक्केवारी बघत बसायचो.

लाल दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ज्यांच्याकडे सुई आहे त्यांनीही फार निश्चिंत राहू नये. बऱ्याच गाड्यांत ती सुई मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेली असते. पाणी 80 अंशांना असो की 100ला, सुई हलत नाही. हलते तेव्हा भर्रकन वर जाते. ग्राहकाने दर चढाला घाबरून सर्व्हिस सेंटरला फोन करू नये म्हणून कंपन्यांनी केलेली ही सोय. मीटर मात्र ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, जो आकडा दिसतो तोच दाखवतं.

आता कुंभार्लीचा किस्सा सांगतो, कारण मीटर कशासाठी लावायचं ते त्यातून कळेल. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, चिपळूणहून कराडला परत येत होतो. गाडीत आम्ही चौघं, डिकीत आंब्याच्या दोन पेट्या आणि सासूबाईंनी दिलेला एक फणस. पोफळी मागे पडलं, घाट सुरू झाला आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला ट्रक. दुसरा गिअर, एसी चालू, ओव्हरटेकला जागा नाही. माझ्या गाडीचा पंखा 96ला लागतो आणि 91ला बंद होतो, हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं. त्या दिवशी आकडा 96 झाला, 97 झाला, 99 झाला. पंख्याचा तो ओळखीचा घरघराट काही येईना. 102ला मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. मे महिन्यात, घाटात, हीटर. मागच्या सीटवरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. त्याने आकडा चढण्याचा वेग कमी झाला आणि पुढच्या वळणावर रुंद जागा मिळेपर्यंत वेळ मिळाला.

108ला इंजिन बंद केलं. चावी ऑन ठेवून बघितलं तर आकडा आणखी वर, 111. घाबरू नका, हे असंच होतं: पाण्याचा पंप थांबला की पाणी फिरत नाही आणि ब्लॉकमधली उष्णता जागच्या जागी साठते. लाल दिवा या सगळ्यात एकदाही लागला नाही. पाऊण तासाने बोनेटखाली रिलेच्या (पंखा, हॉर्न वगैरेंची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) डबीत हात घातला. माझ्या गाडीत पंख्याचं आणि हॉर्नचं रिले एकाच जातीचं आहे, तसं झाकणावरच्या आकृतीत दिसतं. हॉर्नचं काढून पंख्याच्या जागी लावलं, इंजिन सुरू केलं, आणि 96ला पंखा फिरला. उरलेला घाट हॉर्नशिवाय चढलो, खिडकीतून हात बाहेर काढून. एसीची हवा पोफळीपासूनच कोमट वाटत होती हे मला नंतर आठवलं. तीही पंखा गेल्याचीच खूण होती.

यात लक्ष द्यायचं ते 108ला नाही. 96ला आहे. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, आणि दाबाखाली कूलंट मिसळलेलं पाणी 120लाही उकळत नाही. म्हणजे 102 हा आकडा स्वतःहून भीतीदायक नव्हेच. माझ्या गाडीत तो 96लाच थांबायला हवा होता, हे ठाऊक असल्यामुळे मी सावध झालो. म्हणून मीटर आणल्यावर पहिला महिनाभर काही निदान वगैरे करायला जाऊ नका. ग्लोव्हबॉक्समध्ये एक वही ठेवा. सकाळी सेल्फ मारायच्या आधी व्होल्टेज किती, इंजिन चालू झाल्यावर किती, हायवेला स्थिर 80च्या वेगात पाणी किती, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये पंखा कितीला लागतो आणि कितीला बंद होतो. हे आकडे तुमच्या गाडीचे असतील, माझ्या नाही. ते माहीत नसतील तर मीटर म्हणजे नुसतं चमकणारं खेळणं.

थंड निघालेला आकडाही बोलतो. एका हिवाळ्यात कराड-कोल्हापूर रस्त्यावर माझं पाणी 68च्या वर जाईना, शहरात आलं की 85. म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला. खोलून बघितलं तर उघडा नव्हता, मुळात नव्हताच! आधीच्या मेकॅनिकने कधीतरी काढून टाकला होता. “आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नसते” हे वाक्य तुम्हीही गॅरेजमध्ये ऐकलं असेल. गरज असते. इंजिन थंडच आहे असं ईसीएमला वाटत राहतं, ते पेट्रोल जास्त सोडतं आणि मायलेज का पडलं म्हणून आपण प्लग बदलत बसतो. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर हायवेला 86 आणि लिटरमागे किलोमीटरभर फरक.

व्होल्टेजचं सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीत 12.5च्या आसपास असावा, 12.2 म्हणजे बॅटरी अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. हेडलाइट, एसी, पंखा सगळं लावून तो 13च्या खाली येत असेल तर बॅटरी विकत घ्यायच्या आधी वायरमनकडून अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) आणि बेल्ट बघून घ्या. आपल्याकडे निम्म्या बॅटऱ्या उगाच बदलल्या जातात असा माझा संशय आहे. फक्त मीटर आणल्यावर एकदा मल्टिमीटर बॅटरीला लावून ताडून बघा. दोन-तीन दशांशांचा फरक बऱ्याच मीटरमध्ये असतो.

आता तुमच्या गाडीत चालेल का. भारत स्टेज 4 (बीएस 4) हा धुराचा नियम एप्रिल 2010मध्ये आला तो फक्त 13 शहरांत. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि सोलापूर. देशभर लागू व्हायला एप्रिल 2017 उजाडलं. ओबीडीची सक्ती या बीएस 4बरोबर आली आणि 2013पासून ओबीडी 2 आवश्यक झालं. म्हणून 2011ची पुण्याची एमएच 12 गाडी आणि त्याच वर्षीची, तशीच दिसणारी कराडची एमएच 50 गाडी यांत फरक असू शकतो. स्टिअरिंगखाली 16 खाचांचं सॉकेट सापडलं म्हणजे काम झालं असं समजू नका. काही जुन्या गाड्यांत सॉकेट तेच, पण ईसीएम कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि बाजारातल्या मीटरला दाद देत नाही.

टॉर्च लावून सॉकेटमध्ये बघा. आठ-आठच्या दोन ओळी असतात. रुंद बाजू वर धरून डावीकडून मोजा: वरच्या आणि खालच्या दोन्ही ओळींत सहाव्या खाचेत पितळी पान असेल तर गाडीत बहुधा कॅन (गाडीतल्या संगणकांची बोलण्याची वेगवान पद्धत) आहे आणि जवळपास कुठलंही मीटर चालेल. ते रिकामे आणि वरच्या ओळीत सातवं भरलेलं असेल तर के-लाइन, म्हणजे तशीच पण जुनी पद्धत. तीही चालू शकते, पण हळू. कॅनचा वेग सहसा सेकंदाला 5 लाख बिट, के-लाइनचा 10,400. मीटर ईसीएमला एकेक प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघतं, म्हणून के-लाइनच्या गाडीत स्क्रीनवर दहा आकडे ठेवले की सगळेच रेंगाळतात. तीन ठेवा. आणि विकत घेण्याआधी ओळखीच्या कुणाचं तरी डोंगल (सॉकेटमध्ये खोचायचं छोटं यंत्र) पाच मिनिटं लावून बघा, त्यासारखी खात्रीची परीक्षा नाही.

घेताना दोन प्रकार दिसतील. एक, वायरला जोडलेला स्वतःचा छोटा स्क्रीन असलेलं. दुसरं, ब्लूटूथ डोंगल, ज्याचे आकडे फोनवरच्या ॲपमध्ये दिसतात. घाटात फोन आला की ॲप झाकलं जातं, शिवाय उन्हात फोनच तापतो. मी स्क्रीनवालंच घ्यायला सांगेन. डोंगल घेणार असाल तर बहुतेकांवर ईएलएम 327 लिहिलेलं असतं. ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिची पहिली आवृत्ती कॉपी होण्यापासून सुरक्षित केलेली नव्हती, आणि तिथून नकलांचा पूर आला. गंमत म्हणजे ज्या “1.5” आवृत्तीची एवढी मागणी असते ती एल्मने कधी काढलीच नव्हती. नक्कल चालतही नाही असं नाही, पण के-लाइनच्या जुन्या गाडीत नेमकी तीच आधी हात टेकते. आयफोन असेल तर साधं ब्लूटूथ डोंगल त्याला जोडलं जात नाही; वायफायचं किंवा बीएलईचं (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं) बघा.

सॉकेटच्या सोळाव्या खाचेत बॅटरीचा करंट कायम असतो, चावी बंद असली तरी. डोंगलने 50 मिलिॲम्पिअर जरी ओढले तरी दिवसाला 1.2 ॲम्पिअर-तास गेले. 35 ॲम्पिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत अर्धी. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडत नाही. गणपतीला गावी जाऊन पंधरा दिवस गाडी सोसायटीत उभी राहणार असेल तर काढून ठेवा. ब्लूटूथवाल्यांचा पिन बहुधा 1234 असतो, हे आणखी एक कारण. आणि क्लच मारताना गुडघा लागून सॉकेट सैल होतं, तेव्हा आखूड वायरची एक्स्टेन्शन घ्या.

मायलेजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत येणाऱ्या हवेवरून पेट्रोलचा अंदाज बांधला जातो, एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा धरून. पेट्रोल गाडीत हे चालण्याजोगं आहे, डिझेलमध्ये मात्र हवा नेहमीच जास्त असते, तिथे हा हिशेब साफ कोसळतो. टाकी फुल करून मोजण्याची जुनी पद्धतच बरी.

चेक लाइट लागला तर मीटरवरचं “क्लिअर” बटण दाबायचा मोह होईल. आधी बिघाडाचा कोड आणि त्या क्षणाचे आकडे वहीत लिहा. पुसलेला कोड घेऊन गॅरेजमध्ये गेलात तर मेकॅनिक तरी काय करणार.

एक धोका मात्र नीट समजून घ्या. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. होज फुटून पाणीच निघून गेलं तर तो हवेत लटकतो आणि इंजिन भाजत असताना आकडा चक्क खाली येऊ शकतो. चढावर 95चे अचानक 80 झाले तर आनंद मानू नका, गाडी बाजूला घ्या. कायम उणे 40 दिसत असेल तर मात्र बहुधा सेन्सरची वायर निघालेली आहे. ओबीडीत तापमान त्या आकड्यापासूनच मोजायला सुरुवात होते. ऑइलचं प्रेशर या सॉकेटमधून सहसा मिळतच नाही, तिथे दिव्यावरच विसंबावं लागतं.

आता वडिलांची जीप. 2002ची, डिझेलच्या साध्या मेकॅनिकल पंपाची असेल तर तिच्यात ईसीएमच नाही, खोचायला सॉकेट नाही. व्होल्टेजसाठी सिगारेट लायटरमध्ये बसणारं छोटं मीटर मिळतं, दीड-दोनशे रुपयांत काम होतं. पाण्यासाठी रेडिएटरच्या वरच्या होजच्या मापाचं ॲल्युमिनियमचं ॲडाप्टर घ्या. होज मध्ये कापून ते दोन क्लिपांनी बसवायचं, त्याच्या भोकात मीटरसोबत आलेला सेन्सर. ऑइल प्रेशरसाठी जुन्या स्विचच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) घालून स्विच आणि सेन्सर दोन्ही ठेवा, दिवा काढू नका. आणि वायरमनला आठवण करा: सेन्सर एका वायरचा असेल तर त्याला बॉडीची अर्थ लागते, पण ॲडाप्टरच्या दोन्ही बाजूंना रबरी होज आहे. तेव्हा ॲडाप्टरवरून इंजिनच्या बोल्टला एक वेगळी अर्थ वायर ओढायची. ती विसरली की मीटर मेल्यासारखं एकाच जागी उभं राहतं आणि चांगलं मीटर दुकानात परत जातं.