कीबोर्डच्या स्टाइलमध्ये स्वतःचा ड्रम रोल कसा घालायचा?

सांगलीत लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, त्यामुळे हे बरंच घासलंय. यामाहा पीएसआर-एसएक्स मालिकेतला कीबोर्ड असेल तर स्टाइल क्रिएटरमध्ये (स्टाइल बनवायच्या-बदलायच्या स्क्रीनमध्ये) आवडती स्टाइल, म्हणजे कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ, उघडा आणि फिल-इन सेक्शन, म्हणजे मधे भरायचा छोटा तुकडा, घ्या. फिल-इन एकाच बारचा (तालाच्या एका आवर्तनाचा) असतो, म्हणून रोल शेवटच्या बीटवर, म्हणजे मात्रेवर, बसवा. तिथला जुना स्नेअर ड्रमचा आवाज आधी पुसा, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत घुसतात.

स्टेप रेकॉर्डमध्ये (एकेक ठोका हाताने भरायच्या पद्धतीत) त्या एका बीटात ८ ठोके भरा. खरी गोम व्हेलॉसिटीत, म्हणजे ठोक्याच्या जोराच्या आकड्यात, आहे. सगळे ठोके १०० वर ठेवले की शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं! साधारण ४० पासून ११० पर्यंत चढवत न्या, पण एकाआड एक ठोका जरा हलका ठेवा. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात कुठे सारखे पडतात? मग कीबोर्डच्या यूजर मेमरीत वेगळ्या नावाने सेव्ह करा.