एकोणीसचा पाढा उभा लिहून बघा

मुलाला पाढे शिकवायला सुरुवात करताय, तर पाठांतर चालू राहू द्या, पण सोबत वही-पेन्सिल घ्या. नुसते म्हणून पाढ्यातली रचना कळत नाही, एकाखाली एक लिहिलं की लगेच दिसते. मी आधी एकोणीसचाच पाढा लिहायला सांगते, कारण मुलं घाबरतात ती त्यालाच: १९, ३८, ५७, ७६, ९५, ११४, १३३... एककाचा अंक ९ पासून एकेकाने उतरत ० वर येतो आणि त्याच्या डावीकडे १, ३, ५, ७, ९, ११, १३ अशा विषम संख्या चढत जातात. असं का होतं, हे मुलालाच विचारा. दर वेळी २० मिळवून १ काढतोय, हे त्याचं त्याला सापडू द्या. उत्तर सांगायची घाई अजिबात नको. मग २९ चा पाढा तो आपणहून मांडेल.

सातच्या पाढ्यातले एकक बघा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. प्रत्येक अंक एकदाच! तीनच्या पाढ्यात, शेवटचं शून्य सोडलं, तर हेच अंक उलट्या क्रमाने येतात, कारण ७ आणि ३ मिळून १०. आठच्या पाढ्याची जोडी कोणाशी, ते मुलाला शोधू द्या.